टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? खामगाव ते रोहिणखेड, दोन जुन्या गाड्यांवर

सलीमचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. इंजिन चालू झालं, एवढंच तो म्हणाला आणि फोन गाडीजवळ धरला. अकोल्यातल्या माझ्या स्वयंपाकघरापर्यंत तो आवाज पोचला. बायकोनं गॅस बारीक करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, सहा वर्षं.

सलीम माझा खामगावचा वर्गमित्र. मी गणिताचा मास्तर झालो आणि तो मेकॅनिक. सहा वर्षांपूर्वी त्यानं एका गोदामातून साडेतीनशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक उचलली. दोन सिलेंडरची, एकेकाळी रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकणारी, पण तेव्हा दोन पोत्यांत भरलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या गफूर उस्तादांनी ती पोती पाहून सांगितलं होतं, भंगारात दे, हे इंजिन आता उठत नाही. उस्ताद आता थकलेत, नजर जवळजवळ गेलीय, आणि रोहिणखेडला मुलाकडे राहतात. सलीमला गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी करायची होती. त्यांना दिसणार नव्हती, पण ऐकू आली असती.

माझ्याकडे वीस वर्षं जुनी सव्वादोनशे सीसीची फोर-स्ट्रोक आहे, तिच्या काळातली स्पोर्ट्स बाइक. आमचं भांडण कॉलेजपासूनचं. तो म्हणतो फोर-स्ट्रोक म्हणजे शिलाई मशीन, मी म्हणतो टू-स्ट्रोक म्हणजे धुराची फवारणी. म्हणून ठरलं की दोन्ही गाड्या न्यायच्या, वाटेत अदलाबदल करायची आणि एकदाचा निकाल लावायचा.

पहिला दिवस: खामगाव, अमडापूर, चिखली, बुलढाणा

डिसेंबरातली सकाळ होती. सात वाजता खामगावातून निघालो तेव्हा हातमोज्यांतही बोटं बधिर होती. थेट बोथ्याच्या जंगलातून बुलढाणा जवळ पडतं, पण आम्हाला मोकळा रस्ता हवा होता, म्हणून अमडापूर-चिखलीवरून वळसा घेतला. दिवसभरात साधारण ऐंशी किलोमीटर होतात, काही घाई नाही. रस्ता बहुतेक चांगला आहे. मधले काही तुकडे उखडलेले आहेत आणि गावाच्या तोंडाशी न रंगवलेले गतिरोधक, तेवढे सांभाळा. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, मधेच हरभरा, मधेच कापूस वेचणाऱ्या बाया. सलीम पुढे गेला की निळसर धुराची रेघ तुरीवरून तरंगत राहायची आणि मी त्या वासातून जायचो. एरंडेलासारखा गोडसर वास. कबूल करतो, मी व्हायझर वर केला.

अमडापुरात चहा आणि गरम भजी, दोघांचे साठ रुपये. तिथे आम्ही गाड्या बदलल्या.

आता ज्यांनी मोठी टू-स्ट्रोक चालवलेली नाही त्यांना कसं सांगू? पहिले काही क्षण वाटतं, हिच्यात काहीच नाही. खालच्या वेगात ती कुरकुरते, आचके देते. मग आरपीएमचा काटा साडेचार हजारांच्या पुढे सरकतो आणि कोणीतरी मागून ढकलल्यासारखं होतं. आवाज एकदम ताणला जातो, हँडल हलकं होतं, आणि हेल्मेटच्या आत आपण हसतोय हे आपल्याला उशिरा कळतं. सत्तेचाळीस वर्षांचा मास्तर मी, चिखलीच्या अलीकडे एकटाच ओरडत होतो.

माझी फोर-स्ट्रोक असं करत नाही. ती खालपासून सारखी ओढत राहते, शहाण्या बैलासारखी. लिटरला पस्तीस देते, सलीमची जेमतेम अठरा. शिवाय त्यानं गाडीचा जुना तेलपंप काढून टाकलाय, त्याचा भरवसा नाही म्हणून. त्यामुळे पेट्रोल भरलं की दर लिटरला तीस मिली तेल हातानं मोजून टाकीत घालायचं. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या पोटात वेगळं तेल नसतं, पेट्रोलसोबत जाईल तेवढंच तेल पिस्टनला मिळतं. हे मला सलीमनं निघताना दोनदा समजावलं होतं.

बुलढाण्यात थंडी चांगलीच जाणवली. बसस्टँडजवळ आठशे रुपयांत दोन खाटांची स्वच्छ खोली मिळाली. जेवणात झुणका, भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. सलीम जेवता जेवता एवढंच म्हणाला की उद्या उस्ताद काय म्हणतील याची त्याला परीक्षेसारखी धास्ती वाटते.

दुसरा दिवस: राजूर घाट आणि त्यानंतर

सकाळी आलूबोंडा खाल्ला. सलीम घरी फोनवर बोलत होता, म्हणून मीच त्याची गाडी पंपावर नेली आणि सहा लिटर पेट्रोल टाकलं. पंपावरच्या माणसाला गाडीचं भारी कौतुक. किती जुनी, किती पळते, विकणार का, असं विचारत होता. मालक असल्याच्या थाटात मी उत्तरं दिली, किक मारली आणि निघालो. तेलाची बाटली माझ्या पाठीवरच्या पिशवीत होती आणि पिशवीतच राहिली.

राजूर घाट सुंदर आहे. वळणं फार अवघड नाहीत, पण उतार लांब आहे आणि समोरून येणारे ट्रक अर्धा रस्ता मागतात. फोर-स्ट्रोक असेल तर निवांत उतराल, अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. टू-स्ट्रोक तसं धरत नाही, ती सायकलसारखी सुटते. पहिल्या दोन वळणांवर मी पार कडेपर्यंत गेलो. मग ब्रेक आधी दाबायची सवय झाली आणि मजा यायला लागली. सलीम माझ्या गाडीवर पुढे गेला होता.

घाट संपला, मोताळ्याकडचा सरळ रस्ता लागला, आणि मी मूठ पूर्ण पिळली. ऐंशी. नव्वद. मग आवाज बदलला, कोरडा झाला. मागून कोणीतरी गाडी धरावी तशी ती जड झाली आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी घसरत होती. हातानं आपोआप क्लच दाबला म्हणून चाक सुटलं, नाहीतर हा ब्लॉग लिहायला मी उरलो नसतो. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गाडी थांबली. किक खाली जाईना.

आणि त्या क्षणी मला पिशवीतली बाटली आठवली.

मागे मी दिसेना म्हणून सलीम परत आला. आधी त्यानं मला चाचपून पाहिलं, लागलं का विचारलं, मग गाडीजवळ बसला. किक हातानं दाबून पाहिली.

"माह्यंच चुकलं," तो म्हणाला. "पिस्टनले जागा कमी सोडली मी. गरम होऊन फुगला अन् सिलेंडरनं धरला."

मी आताच सांगतो, जरा वेळानं सांगतो, असं करत राहिलो. इंजिन थंड होऊ दे म्हणून तो समोरच्या शेतातल्या विहिरीवर पाणी आणायला गेला. तो पाठमोरा झाला तशी मी बाटली काढली, अंदाजानं टाकीत तेल ओतलं, गाडी हलवून मिसळलं आणि बाटली परत ठेवून दिली. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्यात, त्यामुळे मी काय करत होतो हे मला नीट कळत होतं.

अर्ध्या तासानं सलीमनं प्लग काढले, दोन्ही भोकांत थोडं तेल सोडलं, गाडी गिअरमध्ये टाकून मागेपुढे ढकलली. कट् असा आवाज होऊन पिस्टन सुटला. बऱ्याच किकांनंतर इंजिन चालू झालं, पण त्यात आता एक बारीक टकटक होती. पुढे तोच तिच्यावर बसला आणि चाळीसच्या वर गेला नाही. मागून मला त्याचे पडलेले खांदे दिसत होते.

रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या पलीकडे, दोन गल्ल्या ओलांडून उस्तादांचं घर. ते अंगणात खाटेवर बसले होते. गाडी दारात येण्याआधीच त्यांनी हात वर करून घरातल्या सगळ्यांना गप्प केलं. सलीमनं इंजिन चालूच ठेवलं. उस्ताद उठले, टाकीवर हात ठेवून वाकले आणि ऐकत राहिले.

"बंद कर," ते म्हणाले. "डावा पिस्टन रगडला हाये. काऊन?"

सलीम मान खाली घालून म्हणाला, "उस्ताद, माह्या हातानं चुकलं. फिटिंग बरोबर नाही झाली."

सहा वर्षांचं काम, आणि ज्यांना ऐकवायचं त्यांच्यासमोर तो स्वतःला नापास करून घेत होता. मी म्हणालो, "त्याचं नाही चुकलं. बुलढाण्याले पेट्रोल मी टाकलं अन् तेल टाकाचं विसरलो. मंग हा पाण्याले गेला तवा लपून टाकलं."

सलीमनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गाडीची किल्ली मागितली, गाडी सुरू केली आणि निघून गेला.

उस्तादांनी मला खाटेवर बसवलं. सुनेनं चहा आणला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "इसरणं समजते मले. पण माह्या पोराच्या हातावर तू दाग लागू देऊन राह्यला होता." मी हो म्हटलं.

मग त्यांनीच विषय बदलला. आमच्या भांडणाबद्दल सलीमनं त्यांना आधी सांगितलं असावं. फोर-स्ट्रोक एक फेरा काम करते आणि एक फेरा दम घेते, ते म्हणाले. टू-स्ट्रोक दम घेतच नाही, दर फेऱ्याला जाळते, म्हणून तिच्यासारखी ओढ कुठे नाही आणि म्हणूनच तिच्याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. ज्याला लक्ष ठेवणं जमत नाही त्यानं फोर-स्ट्रोक घ्यावी, त्यात लाज नाही. इतक्या सोप्या शब्दांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला याहून चुकीचा दिवस सापडला नसता.

चाळीसेक मिनिटांनी माझी गाडी परत आली. सलीम घामानं भिजला होता. तो पार घाट चढून, वरून वळून आला होता. गाडी स्टँडला लावून तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "चौथ्यातच घाट चढते बे. गिअर पाडाच लागला नाही." वीस वर्षांत माझ्या गाडीबद्दल त्याच्या तोंडून आलेला हा पहिला चांगला शब्द. मी उजळून निघालो, पण हसायची हिंमत झाली नाही.

उस्तादांनी टू-स्ट्रोक पुन्हा चालू करायला लावली. या वेळी तीस-चाळीस सेकंदच. मग सलीमचा हात हातात घेऊन म्हणाले, "म्या हिले भंगारात दे म्हणलं होतं. माह्यं चुकलं." सलीम अंगणाच्या कोपऱ्यातल्या नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

तिथून नांदुऱ्यावरून खामगाव गाठलं, पन्नासच्या वेगानं, मधेमधे थांबत. वाटेत त्यानं मला शिव्या दिल्या, चांगल्या सविस्तर. शिव्या संपल्यावर नांदुऱ्यात मला चहा पाजला.

घरी

तर कोणती न्यावी? खामगाव, चिखली, बुलढाणा, मोताळा, नांदुरा असा फेरा दोन दिवसांत आरामात होतो. पहिल्यांदा जात असाल तर फोर-स्ट्रोक न्या. घाट उतरताना इंजिन साथ देतं, पेट्रोल निम्मं लागतं, आणि मन तुरीकडे, टेकड्यांकडे मोकळं राहतं. पण एखादा मित्र जुनी टू-स्ट्रोक देऊ करत असेल तर नाही म्हणू नका. फक्त पंपावर पोचल्यावर कोणाशीही बोलू नका. मी मात्र निकाल देणार नाही. चिखलीच्या अलीकडे मी जे ओरडलो ते खरं होतं, आणि माझी गाडी घाटावरून परत आली तेव्हाचा सलीमचा चेहराही खरा होता.

पुढच्या रविवारी मी खामगावला गेलो. सलीमनं सिलेंडर उघडून ठेवला होता. डाव्या पिस्टनवर उभे ओरखडे होते, फार खोल नाहीत. त्यानं मला बारीक पॉलिश पेपर दिला आणि समोर बसवलं. तीन तास मी घासत होतो, तो बोटानं तपासून परत देत होता. दुपारी त्यानं सगळं जोडलं, टाकी भरली आणि तेल मोजून माझ्यासमोर घातलं. मला वाटलं, आता तो गाडीवर बसेल. तो बाजूला झाला, हात पुसले आणि म्हणाला, "किक तू मार."

तिसऱ्या किकेला ती उठली.