बस थांब्याच्या चार हद्दी

मामाला, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाला, म्हातारपणाची पेन्शन मिळणार होती. अर्जासोबत रहिवासी दाखला हवा होता आणि मुदत एका दिवसावर आली होती. मामा सहा वर्षं बस थांब्यावर राहत होता. मी पहाटे यवतमाळहून मोटारसायकल काढली.

पांढरकवडा ते आदिलाबाद रस्ता इतका गुळगुळीत की डुलकी येते. गुडीहत्नूरला डावीकडे वळलं की दोन्ही बाजूंना कापूस. इंद्रवेल्लीत पोटभर खाऊन घ्या. भाकर, झुणका, ठेचा पन्नास रुपयांत. नार्नूरच्या पुढे मला चहाशिवाय काही मिळालं नाही.

मामाचं गाव तेलंगणातल्या जिल्ह्यांच्या फेररचनेत नुकतंच मंडल, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखं ठिकाण, झालं होतं. कचेरीला इमारत मिळायची होती, म्हणून ती लग्नाच्या हॉलमध्ये बसवली होती. हॉलला लागून मामाचा थांबा. मातीचं घर पावसात बसलं तेव्हा तो चार दिवसांसाठी इथं आला होता. बाकावर सतरंजी, दोरीवर धोतर, डब्यात तुळस.

कारकून गठ्ठ्यांमागे बसला होता.

"बस थांबा म्हंजे घर नसते, काका."

"काऊन? छप्पर हाय, तीन भित्ती हायेत."

"चौथी?"

"तिकून बस येते."

"पक्का ठिकाणा आणा. मग दरखास्त घेतो."

आम्ही बाहेर येतो तोच मंडपवाल्यांचा टेम्पो आला. मागोमाग नवरीचे वडील, हातात पावती. "सायेब, दुपारपासून हॉल आमचा हाय. हळद हाय."

थोड्याच वेळात दफ्तर रस्त्यावर आलं. ऊन कडक होतं. कारकून दोन गठ्ठे काखेत मारून थांब्याकडे आला.

"चपला बाहेर काढा, सायेब," मामा म्हणाला. "आत्ताच झाडलं."

त्यानं काढल्या. मामानं सतरंजी झटकून दिली, पाणी दिलं. "किती दिवस राह्यता?"

"परवा लगन उरकलं की जातो."

"राहा. मी बी चारच दिवसांसाठी आलतो."

कारकुनानं बाहेर काढलेल्या आपल्या चपलांकडे पाहिलं. मग त्यानं कागद ओढला. पंचनाम्यात घराच्या चार हद्दी लिहायची रीत आहे. पूर्वेस डांबरी रस्ता. पश्चिमेस तुरीचं शेत. उत्तरेस चहाचं हॉटेल.

"दक्षिणेस?"

"तुमची कचेरी लिवा."

"ती आज नाही."

"मंग हळद लिवा."

त्यानं हॉल असं लिहिलं. चहावाला आणि न्हावी पंच झाले. शिक्का गठ्ठ्यात सापडला, दाखल्यावर उमटला आणि अर्जही जमा झाला.

निघताना मामा म्हणाला, "आता पत्ता हाय आपला. तुह्या आईले घेऊन ये. सोय होते."

दुसऱ्या दिवशी घरी आईला दाखल्याचा फोटो दाखवला. तिनं तो दोनदा वाचला. आमच्या तीन खोल्या आहेत. एकीत कूलर आणि जुनी गादी असते. दर दिवाळीला आम्ही मामाला थांब्यावर फराळ पाठवला. ये, असं कोणी म्हटलं नव्हतं.

"त्यानं राहायला बोलावलंय आपल्याला," मी म्हणालो.

आई उठली आणि गादी उन्हात टाकायला घेऊन गेली.