विहिरीचं पाणी
रस्त्याच्या खोदकामातून डिझेलचा वास आला की मला काळाचौकीतलं एक घर आठवतं. गिरण्यांचा संप चालू होता. आमच्या गिरणीतले ट्रक जागेवर उभे होते, तरी आवारात पुरलेल्या टाकीतलं डिझेल रोज थोडं उतरत होतं. टाकीत पट्टी सोडून माप घेणं माझं काम. वापर नाही आणि तेल कमी, म्हणजे चोरी, असं मी वर कळवलं आणि रखवालदाराची नोकरी गेली. जाताना तो म्हणाला, "साहेब, गेटला कुलूप. मग काय खिशात भरून नेलं मी?" त्याची राहिलेली छत्री द्यायला मी गिरणीच्या भिंतीमागच्या त्याच्या चाळीत गेलो. तो घरी नव्हता. बायकोने पाणी पुढे केलं. "विहिरीचं आहे हो भावजी. नळ कोरडा. हल्ली जरा वास मारतं, म्हणून पोरांना उकळून देते." ग्लास ओठांशी नेला आणि हात थांबला. पाण्यावर रंगीत तवंग होता. टाकी खालून फुटली होती. चोरीला गेलेलं डिझेल माझ्या हातात होतं. "पिऊ नका," एवढं तरी म्हणायला हवं होतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. तहान नाही म्हणून मी ग्लास खाली ठेवला. जिना उतरताना मागे स्टोव्हवर पातेलं चढल्याचा आवाज आला. त्या माणसाने तेल चोरलं नव्हतं, हे मी आज लिहितो आहे. मला ते त्याच दुपारी कळलं होतं.