यंत्रचालकाची रिकामी जागा

कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाला उज्ज्वल भविष्य आहे, हे नव्वदच्या सुमारास डोंबिवलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते नेमकं कुठे ठेवलंय, एवढंच कोणी सांगत नव्हतं. मी कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकून ठाण्यात एका दोन खोल्यांच्या कंपनीत लागलो. कंपनी सहकारी बँकांना सॉफ्टवेअर करून द्यायची. मालकांच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. आमची गिऱ्हाइकं मात्र कल्याणच्या पुढे गेली नव्हती.

बाबांनी जन्म सरकारी खात्यात काढलेला. "परमनंट कधी करणार?" हा त्यांचा एकच प्रश्न. त्याचं उत्तर मालकांकडेही नव्हतं, कारण कंपनीच परमनंट नव्हती.

अशात डोंबिवलीतल्या एका बँकेचं काम माझ्याकडे आलं. बँकेने कॉम्प्युटरसाठी काचेची खोली बांधून एसी बसवला होता. चपला बाहेर काढून आत जायचं. मॅनेजरांच्या केबिनमध्ये नुसता पंखा होता, त्यामुळे मे महिन्यात त्यांना कॉम्प्युटरवर जातीने देखरेख ठेवावीशी वाटे. व्याजाची आकारणी बिनचूक होऊ लागली तसे अध्यक्ष प्रसन्न झाले. मॉनिटरला हार घातल्यावर मला म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं बँकेतच पाहिजेत. तुम्हाला कायम करून घेऊ."

बाबांनी ही बातमी बिल्डिंगभर पोचवली. आईने पेढे तेवढे लांबणीवर टाकले.

संचालक मंडळाच्या सभेत अडचण निघाली. बँकेच्या सेवानियमांत प्रोग्रॅमर असं पदच नव्हतं. नवं पद काढायला वरून मंजुरी लागणार, आणि ती येईपर्यंत माझं निवृत्तीचं वय झालं असतं. संचालकांमधल्या एका वकिलांनी नियम चाळून एक रिकामं पद शोधलं: यंत्रचालक. ते परिपत्रकांच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन फिरवणाऱ्यासाठी होतं आणि तो गृहस्थ नुकताच निवृत्त झाला होता. कॉम्प्युटर हेही यंत्रच, यावर एकमत झालं. मग बटाटेवडे आले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावलं. "अभिनंदन. पात्रता सातवी पास आहे. तुम्ही बसता त्यात."

"साहेब, मी बी.एस्सी. आहे."

"म्हणजे सातवी झालीच असेल. दाखला तेवढा आणा." मग त्यांनी फायदे वाचून दाखवले: दोन खाकी गणवेश, धुलाई भत्ता आणि दरवर्षी एक छत्री.

"खाकी घालावंच लागेल?"

"नियम आहे हो. आणि तुम्हाला काय, एसीत उकडणार थोडंच."

"पुढे बढती?"

"आहे ना. यंत्रचालकाचा दफ्तरी होतो. जुनी कागदपत्रं सांभाळायची. आत्ताचा दफ्तरी निवृत्त झाला, की तुमचाच नंबर."

दफ्तरी बाहेर स्टुलावर बसला होता. तिशीही गाठली नसावी. दंड असे, की जुन्या कागदपत्रांचा गठ्ठा तो एका हाताने माळ्यावर फेकायचा.

मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. घरी बाबा दारातच उभे होते. मी सगळं सांगितलं. 'कायम' हा शब्द कानावर पडताच त्यांना बाकीचं गोड वाटायला लागलं. खाकीला त्यांची हरकत नव्हती. छत्री तर चक्क आवडली. बढतीचं ऐकल्यावर मात्र ते खुर्चीत बसले. बराच विचार करून म्हणाले, "दफ्तरीची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत. बँकेच्या कबड्डी संघात आहे."

"अहो, काय विचारताय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, चौकशी केलेली बरी." त्यांनी चष्मा काढून पुसला. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच एखाद्या कायम जागेकडे ते संशयाने बघत असावेत. "कबड्डी," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "राहू दे. तू ठाण्यालाच जा. बिल्डिंगमध्ये मी सांगतो, बँक फार मागे लागली होती, पण आम्हीच नाही म्हटलं."