सूर्याला दाखवायचा आरसा

"आरशाचा तुकडा हाय का? मला तोंड बघायचं न्हाई, सूर्याला दाखवायचंय."

दिंद्रुडला माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. तिथं येऊन असं म्हणणारं गिऱ्हाईक एकच, आमच्या गल्लीतले तात्या. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर उभी हयात घालवून ते निवृत्त झाले आणि घरी बसले. म्हणजे बसावं अशी घरच्यांची इच्छा होती. तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा, ज्याला स्वस्थ बसा म्हटलं की ताप चढतो.

तात्यांच्या दारातल्या बोअरला पाणी भरपूर, पण खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर धरणाच्या बाजूचं, गोड्या पाण्याचं. लग्न होऊन आल्या तेव्हा दारात आड होता, पाणी असंच. पहिला घोट त्यांनी अंगणात थुंकून टाकला. सगळे हसले. तात्या मात्र नव्या नवरीला म्हणून बसले, "तुला ह्याच जमिनीतलं गोडं पानी पाजीन." पुढं कारखान्याच्या पाळ्यांत ते राहून गेलं, पण विसरले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी मोबाईलवर पाहिलं. कुठल्याशा वाळवंटी देशात आरशांच्या रांगा लावून ऊन एका जागी आणतात, त्याच्या वाफेवर समुद्राचं पाणी गोडं करतात. झालं, तात्या दुकानात हजर.

"अहो, तिथं समुद्र असतो," मी म्हणालो.

"आपला खाली हाय." त्यांनी पायानं जमीन ठोकली. "अन् ऊन काय कमी हाय का आपल्याकडं?"

कुणाच्या तरी गच्चीवर गंजत पडलेली टीव्हीची जुनी मोठी छत्री त्यांनी उचलून आणली. तिला आतून माझ्याकडचे आरशांचे तुकडे चिकटवले. सगळं ऊन जिथं एकत्र येतं तिथं काळा रंगवलेला कुकर ठेवला. कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, ती गार पाण्याच्या बादलीतून बरणीत. जगातल्या छत्र्या ऊन अडवतात, ही गोळा करायची. एकदा कुकर धुवायला काढला आणि तात्यांनी डोक्यावरची टोपी सवयीनं त्याच जागी अडकवली. टोपीला हे एवढं भोक पडलं. काकू म्हणाल्या, "डोकं आत न्हवतं हेच नशीब." तात्या दुसऱ्या दिवशी तीच टोपी घालून दुकानात आले.

पाणी मात्र आलं. थेंब थेंब करत तांब्याभर साचलं. तात्यांनी ते काकूंपुढं धरलं. काकूंनी घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"ह्याला चवच न्हाई. बॅटरीत घालायचं पानी मला पाजता व्हय?"

गल्लीला तेवढंच हवं होतं. ट्रॅक्टरवाले बाटल्या घेऊन तात्यांच्या दारात यायला लागले. तात्यांना एकावर ओरडताना मी स्वतः ऐकलंय, "बॅटरीसाठी न्हाई बे, बायकोसाठी हाय!"

मग त्यांनी नळी बदलली, माठ बदलला, तुळशीची पानं टाकून पाहिली. काकू घोट घ्यायच्या आणि तांब्या खाली ठेवायच्या. मी म्हणालो, "सोडा आता, तात्या. पाण्याचा जार दारात येतोय, नाक मुरडत का होईना, काकू तो पितात."

"जार माझ्या जमिनीतला हाय का?" असं विचारून त्यांनी आरशाचा आणखी एक तुकडा नेला.

एका दुपारी छत्रीचे निखळलेले तुकडे बसवायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंनी पुन्हा तांब्या खाली ठेवला. तात्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी बोअरचं पळीभर पाणी घेतलं आणि त्या तांब्यात ओतलं. "घे! खारंच गोड लागत असंल तर पी!"

काकू प्यायल्या. पीतच राहिल्या. रिकामा तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "आता लागलं आपल्या घरचं."

जे पाणी या बाईनं कधी काळी थुंकून टाकलं, त्याच्याशिवाय आता तिची तहान भागत नव्हती. तात्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ पुसला. मी उगाच एक घट्ट बसलेला तुकडा दाबत राहिलो.

तेव्हापासून त्या घरातला जार बंद झाला. माठभर गोड्यात दोन-चार पळ्या खारं, असं ठरून गेलं. तात्या दिवसभर खुर्ची टाकून छत्री उन्हाबरोबर फिरवत बसायचे.

मागच्या हिवाळ्यात तात्या गेले. आता त्या छत्रीवर दोडक्याचा वेल चढणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तेरावा होऊन काही दिवस झाले आणि सकाळी सकाळीच काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या. इतक्या वर्षांत त्या कधी दुकानात आल्या नव्हत्या.

"वाऱ्यानं तुकडा पडला. आरसा द्या जरासा."

मी म्हणालो, "काकू, चांगला नवा देतो. घरात लावायलाही एक घेऊन जा."

"मला तोंड बघायचं न्हाई." काकूंनी पदर सावरला आणि रस्त्यावरच्या उन्हाकडं पाहिलं. "लवकर कापा. ऊन सरकायलंय."