कांदा बाजूला, हात छातीवर

कमलसिस्टरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझ्या हातातला कांदा हिसकावून फेकला तेव्हा. मी नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला हमालांचा मुकादम. त्या सकाळी माझे थोरले बंधू क्रेट उतरवता उतरवता कोसळले. हातपाय झटकत होते, तोंडाने आचके देत होते. आमच्याकडे याला फिट म्हणतात आणि फोडलेला कांदा नाकाला लावतात. मीही पळत जाऊन कांदा आणला. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, भाजी घ्यायला आल्या होत्या.

"फिट न्हाई ही. हार्ट बंद पडलंय त्यांचं!" असं म्हणत त्या गुडघ्यांवर बसल्या आणि छाती दाबू लागल्या. ॲम्ब्युलन्स आली, शॉकही दिला. पण दादा गेले.

तेराव्यानंतर मी सिस्टरांच्या घरी गेलो. "सिस्टर, माझ्या कांद्यामुळं गेला का दादा?" दुसरं कोणी असतं तर देवाची इच्छा म्हणून मोकळं झालं असतं. सिस्टर म्हणाल्या, "कांद्यानं न्हाई गेला. पण कांदा आणण्यात येळ गेला. लगेच दाबलं असतं तर वाचलाच असता असं न्हाई, पर आशा व्हती." मला त्यांचा भयंकर राग आला. चार महिने मी त्यांना पाहून रस्ता बदलत होतो. आज कळतं, त्या तेव्हा खोटं बोलल्या असत्या तर मी काहीच शिकलो नसतो.

मग एके दिवशी त्या चिंध्यांनी गच्च भरलेलं पोतं घेऊन बाजारात आल्या आणि पोतं म्हणजे माणसाची छाती समजून आम्हा हमालांना शिकवू लागल्या. हार्ट अटॅकमध्ये रक्त अडतं, पण माणूस बहुधा बोलतो, छाती दुखते म्हणतो. त्याला तडक दवाखान्यात न्यायचं. हार्टच बंद पडलं तर माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास घेत नाही. आचके म्हणजे श्वास नव्हे. तेव्हा एकाने ॲम्ब्युलन्सला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, सेकंदाला दोनदा, जोरात दाबत राहायचं. पोतं दाबता दाबता दोन मिनिटांत आमचे पैलवान घामाघूम झाले. "क्रेट उचलताना लई जोर दावता की राव!" सिस्टर हसल्या.

"बरगडी मोडली तर?" एकाने विचारलं.

"मोडू दे. बरगडी जुळती."

माझी पाळी आली तेव्हा पोत्यावर हात ठेवले, पण दाबवेना. सिस्टरांनी आपले हात माझ्या हातांवर ठेवले. राग तिथेच गेला.

गेल्या वर्षी लोणीच्या एका लग्नात पंगतीत वाढता वाढता नवरीचे मामा कोसळले. हाकेला ओ नाही, नुसते आचके. आचाऱ्याकडून चार कांदे आले. मी ते भिरकावले आणि दाबायला बसलो. लग्नाला आलेले आमचे दोन हमाल माझ्याबरोबर आलटून पालटून दाबत होते. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शॉक दिला आणि मामा वाचले. मी सिस्टरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "मधी थांबला न्हाईस ना?"

"न्हाई, सिस्टर."

"मग बास."

यंदा सिस्टर पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. सत्काराला त्यांनी अट घातली: हार घालणाऱ्याने आधी पोतं दाबून दाखवायचं. सिस्टर, तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा. आमच्या हातांची गरज तुम्हाला कधी न पडो. पडलीच, तर सगळा बाजार धावत येईल आणि एकाच्याही हातात कांदा नसेल.