डोळे मिटायला लावलेली दुपार

बेंबळीच्या सत्यभामा ओव्हाळला पहिल्यांदा ध्यानाला बसवलं ते तिच्या नणंदेनं. नवरा अपघातात गेल्यावर सत्यभामाचं जेवण सुटलं होतं, रात्रंदिवस छातीत धडधड व्हायची. नणंद तिला विपश्यनेच्या शिबिराला घेऊन गेली. येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, त्याला ओढायचं नाही की अडवायचं नाही, एवढंच ती तिथं शिकली. दुःख काही हललं नाही, पण त्याच्याशेजारी बसता यायला लागलं.

पुढं ती धाराशिवजवळच्या एका सूतगिरणीत साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर लागली. तुटलेलं सूत जोडायचं काम. दर रविवारी सकाळी गावच्या विहारात ती बायकांना ध्यानाला बसवायची.

गेल्या वर्षी गिरणीच्या पाळ्या कमी होऊ लागल्या. आज काम आहे, उद्याचं कुणीच सांगत नव्हतं. तिच्या शेजारच्या साच्यावरची शिवांजली नुकतं लग्न झालेली पोर. भोंगा वाजला की तिचा जीव गुदमरायचा. सत्यभामानं जेवणाच्या सुट्टीत तिला बसवलं, रोज थोडं थोडं. पोरगी सावरली. मग पलीकडच्या साच्यावरची इरम्मा आली, आणखी दोघी आल्या.

ही गोष्ट व्यवस्थापक मोहितेसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी सत्यभामाला बोलावून खुर्ची दिली. सगळ्या बायकांवर ताण आहे, तुम्ही सर्वांचंच एक सत्र घ्या, म्हणाले. सत्यभामाला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी कॅन्टीनच्या शेडमध्ये सगळ्या पाळ्यांच्या बायका सतरंज्यांवर बसल्या. सत्यभामानं डोळे मिटायला सांगितलं. पंखे बंद केले होते, त्यामुळं तिचा आवाज शेवटपर्यंत पोचत होता. हळूहळू शेड शांत झालं. इतकी शांतता तिनं विहारातही अनुभवली नव्हती.

तिनं डोळे उघडले तेव्हा शेजारी साहेब माइक घेऊन उभे होते. गिरणी आजपासून बंद, हिशेब घरपोच मिळेल, असं त्यांनी सांगितलं. बायका साच्यांकडं धावल्या तर खात्याच्या दाराला कुलूप होतं. पहारेकऱ्यांनी ते ध्यान चालू असतानाच लावलं होतं.

इरम्मा परत आली आणि सत्यभामासमोर उभी राहिली.

"तुला ठावं व्हतं?"

"न्हाय गं, इरम्मा."

इरम्मा पाठ फिरवून निघून गेली. गावाकडं जाणाऱ्या टेम्पोत सत्यभामाच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

सोमवारी ती गिरणीच्या फाटकावर गेली. मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं तरी बायकांना सांगा, असं तिनं साहेबांना विनवलं. साहेब गाडीची काच खाली करून म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं कसलाही गोंधळ झाला नाही. मालकांनी कौतुकानं तुमचं नाव घेतलं." काच वर गेली.

तिचं स्वतःचं कामही त्याच दिवशी गेलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रविवारी विहारात ती एकटीच होती. पुढच्या रविवारीही. शेवटी ती शिवांजलीच्या घरी गेली. शिवांजलीनं पाणी दिलं, आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"ताई, तुमी खोटं बोलणार न्हाईत, मला म्हाईत हाय. पण डोळे मिटले की कुणीतरी मागं कुलूप लावतंय असं वाटतंय. आता मला श्वास बी बघवत न्हाय."

सत्यभामानं पाणी पिऊन भांडं परत दिलं.

हल्ली ती मजूर बायकांच्या टोळीबरोबर शेतात खुरपायला जाते. टोळीत इरम्माही असते, दोघी दोन टोकांच्या ओळी धरतात. पहाटे सत्यभामा घरातच बसते. मन कधी कधी थाऱ्यावर येतं. पण विहारात ध्यान पुन्हा सुरू कर म्हणून नणंदेनं गळ घातली, तेव्हा तिनं आपल्याकडं असलेली विहाराची किल्लीच नणंदेच्या हातात दिली.