तारावन्सं, पाना आणि पुढची सीट

लग्नाला महिनाही झाला नव्हता. कोल्हापूर, शनिवारची सकाळ, अंगणात गाडीचं बॉनेट उघडं... आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून जळत होते. साठ सालाच्या आधीची गोष्ट आहे, पण ती जळजळ अजून आठवते.

जळत होते कुणावर, तर नणंदेवर. तारावन्सं माझ्याच वयाच्या. पदर खोचून, कोपरापर्यंत काळ्या होऊन त्या भावाच्या शेजारी इंजिनात वाकल्या होत्या.

आमचे हे वकील. जुनी विलायती गाडी घेतली होती आणि तिला मिस्त्रीचा हात लागू द्यायचे नाहीत. लग्नापासून गाडी धक्के खात होती. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा पंप बिघडलाय, असं यांनीच ठरवलं, मुंबईहून नवा मागवला आणि घरीच बसवायला घेतला. दुसऱ्या दिवशी रविवार, आम्हाला जोडीनं जोतिबाला जायचं होतं. लग्नानंतरचं पहिलं दर्शन.

खरं सांगू? मला दर्शनापेक्षा पुढच्या सीटची ओढ होती. लग्न लागून कागलहून येताना गाडी हे चालवत होते, शेजारी तारावन्सं, आणि नवरी मागे सासूबाईंजवळ, मुंडावळ्या सांभाळत. "वाटेत बंद पडली तर तारा जवळ पायजे," असं यांचं म्हणणं. सबंध वाट मी यांच्या मानेकडे बघत आले.

"तारा, पाना." "तारा, पक्कड." "तारा, इथं बोट धर, पेट्रोल गळतंय." नाव तोंडातून खाली पडत नव्हतं. मला मात्र "अगं" आणि "चहा टाक", एवढंच. मोठ्यांसमोर बायकोला नावानं हाक मारायची नाही ही रीत होती, ते मला ठाऊक होतं... पण ठाऊक असून पोटात दुखायचं काही थांबत नाही.

जुना पंप निघाला, नवा बसला. हे एका हातानं तो दाबून धरायचे आणि वन्सं बोल्ट आवळायच्या. दोघांना एकमेकांना सांगावंही लागत नव्हतं. गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली... आणि बसली! चारचौघांनी ढकलत परत आणली. मला आतून जरा बरंच वाटलं, लपवत नाही.

मी चहा घेऊन गेले तर हे नव्या पंपाखालची, कचरा अडवणारी काचेची वाटी उजेडात धरून बघत होते. तळाला गुलाबी गाळ.

"ह्यो तर गुलाल हाय, दादा!" वन्सं ओरडल्या.

सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "व्हय, मीच घातलाय. वरातीच्या दिवशी गाडीची पूजा केली न्हवं? वरनं सगळ्यांनी उधळला, मग पोटात नको व्हय पडाय? जोतिबाचा परसाद हाय त्यो. तुमचं मशीनच नाजूक, त्याला मी काय करू?"

आणि टाकीचं झाकण उघडून दिलं होतं तारावन्संनीच... चांगभलं म्हणत!

वकीलसाहेब आईपुढे काय बोलणार? मुकाट्यानं टाकी रिकामी केली. पेट्रोल गाळायला बारीक कापड हवं होतं. चक्का बांधायचं माझं माहेरचं मलमलीचं फडकं मी आणलं आणि चार पदरी केलं. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. हे नळ्या फुंकून साफ करायला पलीकडे गेले.

पेट्रोल थेंब थेंब गळत होतं. वन्सं खाली बघतच बोलल्या, "वैनी, तुमच्या लग्नात मी लई रडलो. लोकास्नी वाटलं आनंदानं रडाय लागलीया."

"मग कशानं?"

"आता दादा मला कशाला हाक मारतोय, म्हणून. तुमच्यावर लई जळलो मी... अजून जळतोय."

मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती, आणि दोघी एकाच फडक्याला धरून उभ्या होतो. मी पण, म्हणाले. मग दोघी इतक्या हसलो की थोडं पेट्रोल सांडलंच.

गाडीचा भरवसा नव्हता म्हणून रविवारी वन्संही निघाल्या, पण आपणहून मागे जाऊन बसल्या. मी पुढे! इतक्या दिवसांची हौस, पण नीट भोगता येईना. कान सगळे मागे.

जोतिबाच्या घाटात गाडी पुन्हा खोकली आणि थांबली. राहिलेला गुलाल असणार. हे उतरले, बॉनेट उघडलं, आणि सवयीनं मागे न बघताच हात पसरून ओरडले, "तारा, पाना!"

मी रस्त्याच्या कडेला उभी. तोंड कडू झालं. वन्संना ते दिसलं असावं. त्या जागच्या हलल्या नाहीत. खिडकीतून पाना बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"जावा की वैनी," म्हणाल्या, "तुम्हालाच हाक मारतोय त्यो."

पुढच्या वर्षी त्या लग्न होऊन पन्हाळ्याला गेल्या. हे मात्र शेवटपर्यंत गाडीखालून "तारा, पाना" असंच ओरडायचे, आणि पाना मीच द्यायची. जळजळ पुरती गेली असं काही म्हणणार नाही... पण त्या दिवशी खिडकीतून तो हात बाहेर आला नसता, तर मी जन्मभर पुढच्या सीटवर बसूनही मागेच राहिले असते.